दुखणं थांबलं की घाबरणाऱ्या जोंधळे मॅडम

दात दुखायचा थांबला, असं कुणी आनंदानं येऊन सांगितलं की जोंधळे मॅडमचा चेहरा उतरायचा. सांगणारा बिचारा शाबासकीच्या आशेनं उभा असायचा. "रात्र रात्र डोळा लागत नव्हता मॅडम, अन् काल उठून बघतो तर काहीच न्हाई!" मॅडम हातातला चहा खाली ठेवायच्या, त्याला खुर्चीत बसवायच्या आणि त्या दाताला बर्फाची कांडी लावायच्या. "गार लागतंय?" "न्हाई." "आता?" "न्हाई." तो प्रत्येक 'न्हाई' छाती फुगवून सांगायचा आणि मॅडमचा आवाज खाली खाली जायचा. शेवटी त्या म्हणायच्या, "मेला तुमचा दात. दुखून राहिला होता तवर जिता होता. आता खरी भानगड हाय."

लातूरच्या एका दंत महाविद्यालयात तोंडाच्या रोगांचं निदान करणारा आमचा विभाग. मॅडम त्या विभागाच्या प्रमुख आणि मी तिथला टेक्निशियन. आता त्या निवृत्त होऊन नांदेडला राहतात. त्यांच्या खुर्चीत नवे सर आले आहेत, सज्जन माणूस आहे, कुणावर ओरडत नाहीत. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

मॅडम मूळच्या नांदेडच्याच. वडील रेल्वेत रुळांवर काम करणारे. घरातल्या शिकून डॉक्टर झालेल्या या पहिल्याच. रोज दुपारी आईला फोन लावून "जयभीम आई, जेवलीस का?" एवढं विचारल्याशिवाय त्यांचा डबा उघडत नसे. वर्गात त्यांची भाषा पुस्तकात छापावी अशी असायची. पण राग आला, काळजी वाटली किंवा भूक लागली की थेट नांदेड बाहेर पडायचं. आम्ही विभागातले लोक त्यावरून हवामान ओळखायचो. 'लई' आणि 'हो'च्या जागी 'हाव' कानावर आले की विद्यार्थी आपापल्या सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसायचे.

त्यांचा सगळा जीव एका विषयात होता. दाताच्या आत, मधोमध, मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, दुखणं कळवणाऱ्या नसा असतात, आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशीही असतात. या लढणाऱ्या पेशींचा मॅडम अभ्यास करत. कीड लागून काढलेले दात त्यांच्याकडे यायचे, तसे वाकडे दात सरळ करताना जागा करायला काढलेले चांगले दातही यायचे. ते आम्लात ठेवून मऊ करायचे, पातळ काप घ्यायचे आणि रंग द्यायचा, हे माझं काम. मग त्या पेशी तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसायच्या. चांगल्या दातात ठिपके कडेकडेनं विरळ उभे असत. किडक्या दातात मात्र कीड अजून बाहेरच्या थरात असली तरी आत नेमकी त्याच बाजूला ठिपक्यांची दाटी झालेली असे.

"ही आतली चौकी, माधव," मॅडम म्हणायच्या. "वैरी अजून भिंत खोदून राहिला, अन् हे आधीच त्या कोपऱ्याला जमा. सांगितलं कुणी यांना?" हे त्या मला कितीदा म्हणाल्या असतील, पण दर वेळी त्यांना पहिल्यांदा कळल्यासारखं नवल वाटायचं. पुढचं वाक्यही ठरलेलं. "पण जागा लई बारकी. चारी बाजूंनी टणक भिंत. सूज आली तर फुगायला वाव न्हाई, म्हणून माणूस बोंबलतो. बोंबलतो तवर समजायचं, आत कुणीतरी लढून राहिलंय." एकदम गप्प झाला की चौकी पडली. मग जंतूंना मुळाच्या टोकातून जबड्यात उतरायला रस्ता मोकळा.

म्हणूनच दुखणं थांबलेले पेशंट त्यांना पळून गेलेल्या गुन्हेगारांसारखे वाटत. देवणीकडचे एक एसटी कंडक्टर असेच बरं वाटतंय म्हणून परत आले नाहीत. मॅडमनी त्यांची गाडी कोणती ते शोधून काढलं आणि लातूरच्या स्टँडवर थेट गाडीत चढल्या. कंडक्टर म्हणाले, "कुठलं देऊ, बाई?" मॅडम म्हणाल्या, "तिकीट राहू द्या. तोंड उघडा." भरल्या गाडीत, पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं मोबाइलचा उजेड धरला आणि मॅडमनी तपासणी उरकली. दुसऱ्या दिवशी कंडक्टर निमूट हजर. आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना कशाची भीती वाटते हे तोवर मला नुसतं ऐकून माहीत होतं.

ते डोळ्यांनी बघायची वेळ माझ्याच घरावर आली.

शीतल माझी पुतणी, थोरल्या भावाची एकुलती मुलगी. आमचं गाव निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिची खालची दाढ ठणकत होती म्हणून मीच तिला मॅडमना दाखवलं होतं. मॅडमनी दाढेचा एक्स-रे काढून घेतला, वरच्या मजल्यावर उपचाराची तारीख घेऊन दिली. पण लग्न तोंडावर आलेलं. बस्ता, मेंदी, ब्लाऊज, यात ती तारीख निघून गेली. हळदीच्या दिवशी सकाळी मी रजेचा अर्ज घेऊन मॅडमकडे उभा होतो, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "भाऊजी, शीतलची दाढ दुखायची ऱ्हायली बगा आपोआप! मिठाचा शेक दिला अन् गप झाली. गालाला थोडी सूज हाय, पण हळदीत काय दिसतंय!"

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"शेक? बाहेरून? त्यानं पू आणखी पसरतो!"

"हो मॅडम."

"गिळताना दुखतंय का, विचार."

मी पुन्हा फोन लावला. वहिनी हसली. "सकाळपासून काही खाल्लंच न्हाई तिनं. लग्नाच्या पोरी कुठं खातेत, भाऊजी!" मी मान वर केली तर मॅडम ॲप्रन काढून पर्स शोधत होत्या. "तुझा अर्ज मंजूर," त्या म्हणाल्या, "माझा कुणी करायची गरज न्हाई. गाडी काढ."

साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता. औशाच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकेकाला मागे दोन-दोन ट्रॉल्या. मॅडम एरवी मला गाडी हळू चालव म्हणून टोकणाऱ्या. त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेवढ्यावरूनच मी गाडी आणखी दामटली.

गावात पोचलो तेव्हा मांडवात स्पीकर दणदणत होता. शीतल पाटावर बसलेली, कपाळापासून पायापर्यंत पिवळी. बायका हसत होत्या, गालाला हळद लावत होत्या, आणि शीतलही हसल्यासारखं करत होती. मला तर ती छान दिसली. मॅडम मात्र मांडवाच्या तोंडाशीच थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हातात रुमाल बघ तिच्या. थुंकी गिळायला जमून न्हाई राहिली. रुमालात टिपतेय."

एकदा सांगितल्यावर मलाही दिसलं. तोंड जरासं उघडं, हनुवटी वर उचललेली, आणि रुमाल ओला चिंब. मॅडम तिच्यासमोर बसल्या. "काय नाव आहे तुझ्या नवऱ्याचं?" बायका खिदळल्या. शीतलनं नाव घेतलं, पण तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज आला. मॅडमनी जबड्याखाली बोटं लावली. तिथं मऊ काही नव्हतंच, लाकडासारखं टणक. मग त्यांनी स्वतःचा पदर तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि भर मांडवात नवरीची हळद पुसली. बायकांचं हसू थांबलं. पिवळ्याखाली कातडी लालभडक होती, आणि तो लाल पट्टा गळ्याकडे उतरत होता.

"स्पीकर बंद करा," मॅडम म्हणाल्या. "हिला आत्ता लातूरला न्यायचंय."

दादा पुढे आला. माझा दादा दुष्ट नाही. मुलीला साधा ताप आला तरी रात्रभर उशाशी बसणारा बाप तो. पण आमच्याकडे हळद लागलेली पोरगी लग्न लागेपर्यंत वेस ओलांडत नाही. ओलांडली तर माघारी येत नाही, असं म्हणतात. लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य दादाच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं.

"डॉक्टर इथं बोलवू, मॅडम. इंजेक्शन द्या, गोळ्या द्या. उद्या अक्षता पडल्या की मी स्वतः घेऊन येतो."

"उद्यापर्यंत वाट बघता येणार नाही, दादा. जिभेखाली सूज चढतेय, जीभ वर ढकलली गेलीय. अजून थोडी चढली की श्वासाची वाट बंद. इथं मी फक्त बघत बसू शकते."

"दातानं कुठं माणूस मरतंय?"

"हाव, मरतंय," मॅडम म्हणाल्या. नांदेड बाहेर पडलं होतं.

मांडवात चुळबुळ सुरू झाली. कुणी म्हणालं निलंग्याचा डॉक्टर आणू, कुणी म्हणालं पाहुण्यांना आधी विचारा. मी दादाचा हात धरला तर त्यानं झटकला. या गडबडीत वहिनीला वाटलं, पोरगी दमली असेल. तिनं शीतलला मागच्या गादीवर आडवं केलं. "निजवू नका!" मॅडम ओरडल्या, पण उशीर झाला होता. पाठ टेकताच शीतल झटक्यानं उठली. डोळे मोठे झाले, दोन्ही हात गळ्याशी गेले, आणि घशातून असा काही आवाज आला की पोरंसुद्धा गप्प झाली. मॅडमनी तिला पुढे वाकवून धरलं. थोड्या वेळानं श्वास परत सुरू झाला. शीतलनं बापाकडे बघितलं. बोलता तर येत नव्हतं; ती गादीवरून उठली आणि भिंतीला धरत धरत गाडीकडे चालायला लागली.

दादा तिच्या मागोमाग धावला. वहिनीनं लिंबू खोचलेली सुरी शीतलच्या हातात दिली, वाईट नजर लागू नये म्हणून. मला वाटलं, मॅडम चिडतील. त्या म्हणाल्या, "असू द्या. माधव, सरळ बसव तिला." त्या शीतलला घेऊन मागे बसल्या, दादा माझ्या शेजारी. वेशीजवळ येताच दादा म्हणाला, "माधव, थांब. नारळ फोडतो."

"येताना फोडा," मागून मॅडम म्हणाल्या. "तेव्हा दोन फोडा."

मी गाडी थांबवली नाही. दादानं डोळे मिटले.

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. शीतलचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता, करवतीनं लाकूड कापावं तसा. मॅडमनी फोनवरून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना गाठलं. भूल देणारे हजर ठेवा, नळी घालायची तयारी ठेवा, म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या शीतलशी बोलत राहिल्या. सासर कुठलं, शालू कुठल्या रंगाचा, हिरवा असेल तर एक बोट वर कर, लाल असेल तर दोन. शीतल बोटं दाखवत होती. एका वळणावर पुढे ट्रॉली पलटी होऊन सगळा ऊस रस्त्यावर आडवा पडला होता. मी हॉर्नवर हात ठेवून गाडी उसावरून, रस्त्याच्या कडेनं काढली. शीतलचं बोट या वेळी उशिरा वर आलं; तोवर मॅडमनी तोच प्रश्न तीनदा विचारला होता.

रुग्णालयात त्यांनी तिला थेट आत नेलं. भूल दिली तर श्वास थांबण्याची भीती, म्हणून ती जागी असतानाच नाकातून श्वासनलिकेत नळी घालायची होती. एक प्रयत्न फसला, असं बाहेर आलेली नर्स कुणाला तरी घाईनं सांगून गेली. दादानं ते ऐकलं. तो इतका वेळ नारळ मांडीवर घेऊन बसलेला. उठून मॅडमसमोर उभा राहिला.

"तुमच्या भरवशावर काढली मी पोरगी हळदीच्या अंगानं. आता काही बरंवाईट झालं तर गावाला काय तोंड दाखवू?"

मॅडम म्हणाल्या, "माझं नाव सांगा. म्हणावं, नांदेडची एक बाई आली अन् जबरदस्तीनं घेऊन गेली."

"वाचंल का?"

"माहीत न्हाई, दादा."

खोटा धीर त्यांनी कुणाला कधी दिला नाही, त्या दिवशीही नाही. मला त्यांचा राग आला. वाटलं, दोन शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं! मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात त्या मांडीखाली घट्ट दाबून बसल्या होत्या. माझा राग तिथंच विरला.

दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाले, नळी बसली. दादानं नारळ कपाळाला लावला. डॉक्टरांनी जबड्याखाली चिरा देऊन पू काढला, दाढ काढली. पुढचे काही दिवस शीतल नळीवर होती आणि आम्ही सगळे दाराबाहेर. नवरदेव रोज यायचा. पाण्याच्या बाटल्या आणायचा आणि कोपऱ्यात बसायचा. लग्नाचा मुहूर्त त्याच कोपऱ्यात बसल्या बसल्या निघून गेला. नळी काढली त्या दिवशी शीतलनं चमचाभर पाणी गिळलं. मॅडम ते बघायला उभ्या होत्या. बघितलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेल्या.

ती दाढ विभागात आली तेव्हा मॅडमनी मला हात लावू दिला नाही. "घरच्याचा दात घरच्यानं कापू नये," म्हणाल्या आणि सगळं स्वतः केलं. एक दिवस दादाला बोलावून त्यांनी सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. एका मुळात सगळा चिखल होता, ओळखू येईल असं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या मुळाच्या टोकाशी अजून तपकिरी ठिपक्यांची गर्दी होती. ते ठिपके कोण, हे मॅडमनी सांगितल्यावर दादानं पुन्हा डोळा लावला.

"हे तर अजून जागेवरच हायत की, मॅडम."

"हाव."

दादा बराच वेळ बघत राहिला. नंतर तो मॅडमच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला असं काही झापलं की वर्गातली पोरं दचकली.

शीतल सावरल्यावर नवा मुहूर्त धरला. मॅडमना दादा स्वतः आणायला गेला. मांडवात मुलाकडचे एक वयस्कर गृहस्थ कुजबुजत होते, एकदा हळद लागून वेशीबाहेर गेलेली पोरगी, बघा बुवा. दादानं ऐकलं. एरवी पाहुण्यांपुढे मान वर न करणारा माझा भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वेस ओलांडली म्हणून तर ती या पाटावर हाय." ते गृहस्थ पान लावायला लागले.

वहिनी हळदीचं ताट घेऊन उठली. पाच सवाष्णी पुढे सरकल्या होत्या. वहिनी त्यांच्यासमोरून गेली आणि खुर्चीत बसलेल्या मॅडमपुढे ताट धरलं. "पहिली हळद तुमची, बाई." पुढे सरकलेल्या सवाष्णी जागीच थांबल्या. मॅडमचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गावाला ते ठाऊक होतं. मॅडमनी ताटाकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि उठून मांडवामागे निघून गेल्या. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. "त्यांनाच नको वाटलं असंल, बाई," कुणीतरी पुटपुटलं. मलाही तसंच वाटलं, आणि वहिनीची दया आली.

मागून नळाचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. मग मॅडम परत आल्या, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही ओले हात समोर धरलेले.

"साबण दिसला न्हाई कुठं," त्या वहिनीला रागावून म्हणाल्या. "हात धुतल्याबिगर मी कुणाच्या तोंडाला लावत न्हाई."

शीतलनं मान वर केली. मॅडमनी दोन बोटं हळदीत बुडवली आणि गालाच्याही आधी तिच्या जबड्याखालच्या व्रणाला लावली.